ख्रिस्ती घरात वाढून धम्मदीक्षा घेतली. यात कृतघ्नपणा कुठे आला?

बावड्याची लेक

माझा बाप्तिस्मा तान्हेपणी झाला. संडेस्कूलमध्ये वचनांच्या पाठांतराचं बक्षीस बहुतेक वर्षी माझंच असायचं. पणजी मिशनच्या बाईंकडे अक्षरं गिरवायला शिकली आणि तिथून आमच्या घरात शिक्षण आलं. गेल्या १४ ऑक्टोबरला मी विहारात त्रिशरण-पंचशील घेतलं. त्या दिवसापासून मामा माझ्याशी बोलत नाहीत. "ज्यांनी हातात पाटी दिली, त्यांच्याकडेच पाठ फिरवलीस," हे त्यांचं शेवटचं वाक्य.

कारण सांगते. २०१९ साली माझा धाकटा भाऊ किडनीच्या आजारानं गेला, अवघ्या तेविसाव्या वर्षी. शेवटचा महिनाभर घरात उपास-प्रार्थना चालल्या होत्या. बाहेरगावचे एक प्रचारक यायचे. भाऊ गेल्यावर ते आईच्या तोंडावर म्हणाले की घरात कुणाचा तरी विश्वास कमी पडला. आईनं ते स्वतःवर घेतलं. तेव्हापासून ती चर्चमध्ये सगळ्यात मागच्या बाकावर बसते. पुढं बसायची आपली लायकी नाही म्हणते.

लूकच्या सातव्या अध्यायात नाईन गावची विधवा आहे. तिच्या एकुलत्या एका मुलाची तिरडी निघते, येशू हात लावतो आणि मुलगा उठून बसतो. ही गोष्ट मी स्वतः लहान पोरांना शिकवली आहे. भावाच्या मातीनंतर मात्र ती मला वाचवेना. आमचा का नाही उठला, हा एकच प्रश्न डोक्यात.

मैत्रिणीनं आग्रह केला म्हणून आळत्याला दहा दिवसांच्या विपश्यना शिबिराला गेले. धर्म बदलायचं मनातही नव्हतं. पुढे विहारात एका बाईंनी किसा गोतमीची गोष्ट सांगितली. मेलेलं पोर कडेवर घेऊन ती औषध मागत फिरते. बुद्ध सांगतात, ज्या घरात कुणी मेलं नाही तिथून मूठभर मोहरी आण. ती दारोदार हिंडते. मोहरी सगळीकडे मिळते, तसं घर एकही मिळत नाही.

मी विचारलं, "मग तिचं पोर उठलं का?"

बाई म्हणाल्या, "नाही."

त्या 'नाही'नं मला सावरलं. कुणाचा विश्वास कमी पडला नव्हता. माणसं मरतात, तसा माझा भाऊ मेला. त्यानंतरही तीन वर्षं मी चर्चमध्ये जात होते. सगळ्यांबरोबर उभं राहून "मी विश्वास ठेवते" म्हणताना घसा आवळायचा. मनात नसलेलं देवासमोर म्हणत राहणं मला मंडळीची फसवणूक वाटली, म्हणून थांबले. यात कृतघ्नपणा कुठला, ते सांगा.

शाहूपुरीचे काका

बाळ, तुझ्या मामांच्या वयाचा आहे, म्हणून स्पष्ट लिहितो. १८५२ साली अमेरिकन मिशनरी वाइल्डरसाहेब कोल्हापुरात आले, तेव्हा आपल्या लोकांच्या सावलीचाही विटाळ होत होता. त्या काळात पहिली शाळा, पहिलं औषध, मुलीच्या हातात पहिलं पुस्तक कुणी दिलं? तुझी पणजी वाचायला शिकली ती शास्त्र वाचता यावं म्हणून. तू अक्षर ठेवलंस आणि ज्याच्यासाठी ते दिलं ते टाकलंस. मला याचं दुःख होतं.

दुसरं. बुद्ध 'स्वतःच स्वतःचा दीप हो' म्हणतात. ज्याच्यात बळ आहे त्याला ते ठीक. पण रात्री दोन वाजता, अंगात त्राण नसताना, माणसानं हाक मारायची कुणाला? येशूच्या शेजारी वधस्तंभावर असलेल्या चोरानं काय पुण्य केलं होतं? एक वाक्य बोलला आणि सुखलोकाचं वचन घेऊन गेला. ही कृपा तुला दुसरीकडे कुठं मिळणार?

बिंदू चौक

जय भीम ताई. मनापासून स्वागत.

काका, पाटी दिली म्हणून पिढ्यान्‌पिढ्या बांधून घ्यायचं काय? शाहू महाराजांनी १९०२ साली पन्नास टक्के जागा राखून ठेवल्या. त्याबदल्यात कुणाची श्रद्धा मागितली नाही. आणि अंगुलिमालानं तरी काय पुण्य केलं होतं? माणसं मारून बोटांची माळ घालणारा तो, त्यालाही संघात घेतलं. फरक एवढाच की त्याला पुढचं आयुष्य बदलून दाखवावं लागलं.

आता ताई, तुम्हालाही एक सांगायचं आहे. तुमचा धम्म अजून तुमच्या घरातल्या दुःखापुरता आहे. बाबासाहेबांच्या 'बुद्ध आणि त्याचा धम्म' या ग्रंथात सिद्धार्थ प्रेत बघून घर सोडत नाही. रोहिणी नदीच्या पाण्यावरून शाक्य आणि कोलिय या शेजारच्या कुळांची लढाई पेटते, तो तिला विरोध करतो आणि त्यापायी घर सोडावं लागतं. डोळे मिटून दहा दिवस बसणं म्हणजे धम्म नव्हे. बाबासाहेबांनी दीक्षेच्या वेळी दिलेल्या बावीस प्रतिज्ञा तुम्ही घेतल्या का?

बावड्याची लेक

घेतल्या. एकोणिसाव्या प्रतिज्ञेपाशी मात्र मी अडखळले. तिच्यात हिंदू धर्माचा त्याग आहे. जो धर्म माझ्या पणजोबांनीच सोडला, तो मी कसा सोडू? भंतेजींना तसं विचारलंही. ते म्हणाले, त्यातलं माणसाला नीच मानणं सोडायचं आहे, ते तुझ्यात कुठं शिल्लक आहे का बघ. बघितलं, तर होतं. चर्चमधल्या लग्नाच्या बोलण्यातसुद्धा 'मूळचे कुठले' हे विचारलं जातंच. तेव्हा मनापासून म्हटलं.

घरातल्या दुःखाबद्दल मात्र तुमचं म्हणणं पटत नाही. किसा गोतमी एकेका दारात गेली म्हणून तिला सगळ्या गावाचं दुःख कळलं. ती घरात बसून राहिली नव्हती.

गडहिंग्लजकर

राग मानू नका, पण लोक पाठीमागं बोलतात ते मी समोर विचारतो. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशात अनुसूचित जातीचा दर्जा फक्त हिंदूंना. १९५६ मध्ये शीख आले, १९९० मध्ये बौद्ध. ख्रिस्ती अजून बाहेरच. म्हणजे चर्चमधून विहारात गेलं की जातीच्या दाखल्याची वाट मोकळी. मनात श्रद्धा नसताना केवळ आरक्षणासाठी धर्म बदलणं ही संविधानाची फसवणूक आहे, असं सर्वोच्च न्यायालयानंही नोव्हेंबर २०२४ मध्ये सांगितलंय. तुमच्या बाबतीत हे नाही, हे आम्ही कशावरून मानायचं?

बावड्याची लेक

मी अडतीस वर्षांची आहे, खाजगी पेढीत हिशेब लिहिते. दाखल्यासाठी अर्ज केला नाही, करणारही नाही. मानायचं की नाही ते तुमच्यावर.

पण तुमचा प्रश्न खरं तर त्या आदेशाला विचारायला हवा. जात चर्चच्या दारात गळून पडते, असं त्यात धरून चाललंय. आमच्या आजोबांना गावात शेवटपर्यंत 'महारवाड्यातलं ख्रिश्चन' म्हणत. चहाची कपबशी वेगळी होतीच. मिळालं नाही ते फक्त संरक्षण.

शाहूपुरीचे काका

या मुद्द्यावर मी पोरीच्या बाजूनं आहे. कपबशी मीही बघितली आहे.

मिरजेची सिस्टर

मी नर्स आहे, सत्तावीस वर्षं वॉर्डात काढली. ताई, तुमच्या आईला जे बोललं गेलं ते ऐकून अंगावर काटा आला. ते शास्त्र नव्हे. योहानाच्या अकराव्या अध्यायात दोनच शब्दांचं वचन आहे : येशू रडला. मेलेल्या लाजराला आपण उठवणार हे ठाऊक असूनही तो आधी रडला. लाजराच्या बहिणींना, मार्थेला किंवा मरियेला, 'तुमचा विश्वास कमी पडला' म्हणाला नाही. त्या दोघी तर तोंडावर म्हणाल्या होत्या, तू इथं असतास तर आमचा भाऊ मेला नसता.

तुम्ही एका माणसाच्या बोलण्यावरून येशूला सोडलंत, असं मला वाटतं. रडणारा येशू तुम्हाला कुणी दाखवलाच नाही. किसा गोतमीची गोष्ट मोठी आहे, पण त्या बाईला गावभर एकटीनं फिरावं लागलं. आमच्याकडे तो बरोबर चालतो.

बावड्याची लेक

सिस्टर, तुमचं तीनदा वाचलं.

ते वचन मला पाठ होतं. सगळ्यात छोटं म्हणून पोरं तेच आधी पाठ करतात. पण आमच्या घरी त्या दिवशी ते कुणी म्हटलं नाही. म्हटलं असतं तर मी आज कुठं असते, माहीत नाही. एका माणसामुळं सोडलं म्हणता, त्यात थोडं खरं आहे. सुरुवात तिथूनच झाली. पण पुढची तीन वर्षं मी त्याच्यावर रागावून काढली नाहीत. प्रार्थनेला बसले की पलीकडे कुणी ऐकतंय असं वाटेना. श्वासाकडे लक्ष दिलं की तेवढा तरी खरा वाटायचा. तुम्हाला कुणी बरोबर चालताना जाणवतो, त्याबद्दल मला आदर आहे. मला जाणवत नाही.

शाहूपुरीचे काका

बाळ, उद्या आईची माती असेल तेव्हा तू कोण म्हणून उभी राहणार?

बावड्याची लेक

तिची लेक म्हणून. तिला आवडणारं गीत मला सगळं पाठ आहे, ते मी म्हणेन. कबरीवर माती टाकेन, भावाच्या शेजारीच.

पण काका, आई जिवंत आहे, तिचं आधी बघायला हवं. ती अजून मागच्या बाकावर बसते. मी बौद्ध झाले हाही तिला स्वतःचाच दोष वाटतो. मी रविवारी तिच्याशेजारी येऊन बसले तर मंडळीला चालेल का? प्रभुभोजन घेणार नाही, "मी विश्वास ठेवते" म्हणणार नाही. नुसती बसेन.

बिंदू चौक

ताई, हे काय? एक पाय इकडं, एक तिकडं? लोक म्हणतील, बघा परत गेली.

बावड्याची लेक

म्हणू देत. ती पुढं येऊन बसेपर्यंत मी जाणार.

शाहूपुरीचे काका

तू चुकलीस असंच माझं मत आहे आणि तुझ्यासाठी प्रार्थना करत राहणार. रविवारी मी दाराशीच असतो. आईला घेऊन ये. तिला त्या माणसानं काय सांगितलं ते मला आजवर ठाऊक नव्हतं. सिस्टरांनी लिहिलेलं वचन मी स्वतः तिला वाचून दाखवतो.