शेजारी देशांच्या वेळा: 'भारतीय वेळेनुसार' हा एकच रकाना पुरे का?

रात्रपाळी

भारत, नेपाळ, बांगलादेश, भूतान, म्यानमार अशा चार-पाच देशांचं एकत्र वेळापत्रक करायचं झालं की वर एक ओळ टाकली जाते, 'सर्व वेळा भारतीय प्रमाणवेळेनुसार', आणि खाली एकच रकाना. ही पद्धत बंद व्हायला हवी असं माझं ठाम मत आहे. काम जिथे होणार तिथली वेळ लिहावी, तिच्याशेजारी शहराचं नाव असावं आणि यूटीसीपासूनचा (जागतिक प्रमाणवेळेपासूनचा) फरकही असावा. म्हणजे नुसतं '१०:४५' नाही, तर '१०:४५ काठमांडू (+५:४५)'.

आपल्या आजूबाजूला अर्ध्या आणि पाव तासांचे फरक आहेत, म्हणून इथे चुका जास्त होतात. यूटीसी पहाटे ५:०० असताना काबूलला ९:३०, कराची आणि मालेला १०:००, मुंबई आणि कोलंबोला १०:३०, काठमांडूला १०:४५, ढाका आणि थिंपूला ११:००, यांगूनला ११:३० आणि बीजिंगला दुपारचा १:०० वाजलेला असतो. युरोपातला माणूस शेजारच्या देशासाठी पूर्ण तास मोजतो. आपल्याला रक्सौलहून वीरगंजला जाताना पाव तास, पेट्रापोलहून बेनापोलला अर्धा, मोरेहून तामूला एक, आणि नथू ला ओलांडताना अडीच तास घड्याळ पुढे करावं लागतं. नेपाळमधून रसुवागढीच्या बाजूने तिबेटमध्ये शिरलं तर सव्वादोन तास.

एकच रकाना ठेवला की हे गणित वाचणाऱ्याच्या गळ्यात पडतं. बेनापोलचं कस्टम्स ढाक्याच्या घड्याळावर उघडतं आणि बंद होतं. तिथल्या माणसाने भारतीय वेळ वाचून रोज अर्धा तास मिळवत बसावं, ही अपेक्षाच चुकीची आहे. शिवाय तारखेचं काय? भारतात १४ तारखेचे रात्री ११:५० वाजलेले असताना काठमांडूत १५ तारखेचे १२:०५ झालेले असतात. उलट, मुंबईत १५ तारखेचे १२:२० म्हणजे कराचीत अजून १४ तारखेचे ११:५०. मुदत 'आजच्या तारखेत' संपत असेल तर ही दहा-वीस मिनिटंच महत्त्वाची ठरतात. आणि 'रात्री १२' असं तर कधीच लिहू नये. २३:५९ किंवा ००:०१ लिहावं, म्हणजे कोणत्या तारखेची मध्यरात्र हा प्रश्न उरत नाही.

मालधक्का

असहमत. एकाच कामावर पाच देशांतली माणसं असतील तर एकच संदर्भ-घड्याळ हवं. ते भारतीय असो, ढाक्याचं असो, पण एक. प्रत्येक ओळीत वेगळं शहर आलं की दोन ओळींमधलं अंतर डोळ्यांना दिसत नाही. ट्रक कोलकात्याहून ६:०० ला सुटला, बेनापोलला ११:०० ला लागला, तर प्रवास किती? घाईत वाचणारा पाच तास म्हणणार. खरे साडेचार. विमानाच्या तिकिटावर हेच होतं, कारण तिथे सुटण्याची वेळ सुटण्याच्या गावची आणि पोचण्याची वेळ पोचण्याच्या गावची असते. मुंबई १०:०० ते काठमांडू १३:०० हा पावणेतीन तासांचा प्रवास. परतताना काठमांडू १४:०० ते मुंबई १६:४५ दिसायला तेवढाच, पण तो पूर्ण तीन तासांचा. जाताना पाव तास वजा, येताना अधिक. पुढचं विमान पकडायचं असेल तर दोन्हींची बेरीज-वजाबाकी चुकून चालत नाही. एकाच घड्याळावर लिहिलं असतं तर हा प्रश्नच आला नसता.

दुसरं म्हणजे शहराचं नाव लिहून भागतं हा गैरसमज आहे. काश्गरचं काय करणार? चीनची अधिकृत वेळ सगळीकडे +८ आहे, पण शिनच्यांगमध्ये बरेच लोक +६ ची उरुम्ची वेळ पाळतात. खुंजेराब घाटातून येणाऱ्या पाकिस्तानी मालवाहकासाठी सरकारी घड्याळ तीन तास पुढे, स्थानिक माणसाचं एकच तास पुढे. 'काश्गर, १०:००' एवढ्यावरून नक्की काय समजायचं? लांब कशाला, आसामच्या चहामळ्यांत 'बागान टाइम' भारतीय प्रमाणवेळेच्या एक तास पुढे चालत आलेली आहे.

गणितछंद

दोघांचंही म्हणणं पटतं, पण रकाना एक असो की पाच, चूक बहुतेक वेळा हिशेबाच्या पद्धतीत असते. तीच आधी नीट करू.

सर्वात महागात पडते ती दशांशाची चूक. नेपाळचा फरक पावणेसहा तास. तो कुणी ५.४५ असा भरला की संगणक त्याला ५ तास २७ मिनिटं समजतो. बरोबर आकडा ५.७५. तसंच साडेपाच म्हणजे ५.५०. तिथे ५.३० भरलं तर ५ तास १८ मिनिटं होतात. आता दोन्ही चुका एकत्र झाल्या तर भारत-नेपाळ फरक १५ ऐवजी ९ मिनिटं निघतो. उत्तर साधारण जवळपासचं दिसतं, म्हणून महिनोन्‌महिने कुणाच्या लक्षातही येत नाही. मोठी चूक लगेच पकडली जाते, सहा मिनिटांची नाही.

फरक तासांत ठेवूच नका. मिनिटांत ठेवा: पाकिस्तान ३००, भारत ३३०, नेपाळ ३४५, बांगलादेश ३६०, म्यानमार ३९०, चीन ४८०. सगळे पूर्णांक. दोन देशांमधला फरक म्हणजे साधी वजाबाकी: यांगून ते काठमांडू ३९० − ३४५ = ४५ मिनिटं. ज्या जुन्या प्रणालीत फरकाचा रकाना फक्त पूर्ण तासांचा असतो, तिथे भारत आणि नेपाळ दोन्ही ५ होतात आणि फरक शून्य दिसतो. तसली प्रणाली या भागात वापरूच नये. मोबाइलचं जाळं फोनला वेळक्षेत्र कळवतं ते पाव तासाच्या एककात, म्हणजे भारत २२ आणि नेपाळ २३. ज्यांनी ते ठरवलं त्यांनी नेपाळचा विचार केला होता, हे मला फार आवडतं.

एक्सेलमध्ये करायचं तर तारीख आणि वेळ एकाच चौकटीत ठेवा. तिथे एक दिवस म्हणजे १, म्हणून पाव तास म्हणजे १/९६. भारतीय वेळेत १/९६ मिळवलं की काठमांडू, १/४८ मिळवलं की ढाका, १/४८ वजा केलं की कराची. तारीख सोडून नुसती वेळ ठेवली तर ००:२० मधून अर्धा तास वजा केल्यावर उत्तर ऋण येतं आणि चौकटीत नुसत्या चौकड्या (####) दिसतात. काहीजण 'मॉड' सूत्र लावून ते २३:५० करून घेतात. वेळ बरोबर येते, पण तारीख आदल्या दिवशी गेली हे हरवतं.

आणखी एक. संगणकावर 'ईटीसी/जीएमटी-५' असं नाव दिसलं तर चिन्ह उलटं वाचायचं असतं. ते यूटीसीच्या पाच तास पुढचं क्षेत्र आहे, मागचं नाही. 'ईटीसी' नावांच्या या यादीत अर्धे-पाव तास नाहीतच, त्यामुळे आपल्या कामाला ती निरुपयोगी. 'एशिया/काठमांडू', 'एशिया/ढाका' अशी शहरांची नावंच निवडा. 'आयएसटी' ही आद्याक्षरं इस्रायल आणि आयर्लंडही वापरतात, आणि 'बीएसटी' म्हटलं की अर्धं जग ब्रिटनची उन्हाळी वेळ (उन्हाळ्यापुरतं घड्याळ तासभर पुढे) समजतं, बांगलादेशची नाही.

जुनी_नोंद

मालधक्का म्हणतात तसं एकच घड्याळ धरलं, किंवा गणितछंद म्हणतात तसे ३४५-३६० हे आकडे पाठ केले, तरी एक गोष्ट सुटते. हे आकडे कायमचे नाहीत. आपल्याकडे उन्हाळी वेळ नसते म्हणून लोक निर्धास्त असतात. गेल्या काही दशकांत काय झालं ते पाहा.

श्रीलंकेने वीजटंचाईमुळे मे १९९६ मध्ये घड्याळ एक तास पुढे नेऊन +६:३० केलं, त्याच वर्षी ऑक्टोबरात +६:०० वर आणलं, आणि एप्रिल २००६ मध्ये परत +५:३०. म्हणजे जवळपास दहा वर्षं कोलंबो भारताच्या पुढे होतं. नेपाळ १९८६ पासून +५:४५ वर आहे, त्याआधी +५:३० वर होतं. बांगलादेशने १९ जून २००९ च्या रात्री घड्याळ एक तास पुढे केलं आणि वर्षअखेरीस मागे घेतलं. त्या सहा महिन्यांत ढाका भारताच्या दीड तास पुढे होतं. पाकिस्तानने २००२, २००८ आणि २००९ मध्ये उन्हाळी वेळ पाळली. तेव्हा कराची +६ वर गेलं, म्हणजे एरवी अर्धा तास मागे असणारं शहर अर्धा तास पुढे गेलं. जुलै २००९ मधली कराचीची सकाळी १०:०० ची नोंद आजच्या फरकाने भारतीय वेळेत आणाल तर १०:३० लिहाल. खरे होते ९:३०.

म्हणून झालेल्या घटनांच्या नोंदी एका घड्याळातून दुसऱ्यात आणायच्या असतील तर पाठ केलेला फरक वापरू नका, वेळक्षेत्राचं नाव आणि त्या दिवशीची तारीख द्या. संगणकातल्या वेळक्षेत्रांच्या कोशात हे सगळे बदल आहेत. पण त्यालाही मर्यादा आहे. तो १९७० नंतरच्या काळासाठी भरवशाचा. भारताची प्रमाणवेळ १ जानेवारी १९०६ ला आली, तरी मुंबईत ३९ मिनिटं मागे असलेली 'बॉम्बे टाइम' १९५५ पर्यंत चालू होती. 'एशिया/कोलकाता' या नावात ती कुठेच नाही. मुंबईतल्या १९३०-४० च्या कागदावरची वेळ बदलण्याआधी तो कागद कोणत्या घड्याळाचा, हे कागदातूनच शोधावं लागतं. त्यात दुसऱ्या महायुद्धात १ सप्टेंबर १९४२ पासून १५ ऑक्टोबर १९४५ पर्यंत देशाचं घड्याळ +६:३० वर होतं.

मालधक्का

जुनी_नोंद, इतिहास मान्य. पण यातून माझाच मुद्दा पक्का होतो. शेजारी देश घड्याळ हलवतात, भारताने गेली कित्येक दशकं हलवलेलं नाही. मग स्थिर असलेल्या घड्याळावर वेळापत्रक ठेवणं चूक कसं? २०१८ मध्ये राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेच्या शास्त्रज्ञांनी ईशान्येसाठी +६:३० चं दुसरं क्षेत्र सुचवलं होतं, पण ते अमलात आलेलं नाही. आज तरी साडेपाच म्हणजे साडेपाच.

गणितछंद

मालधक्का, घडून गेलेल्या घटनेसाठी तुमचं बरोबर. ती एका स्थिर घड्याळावर, शक्यतो यूटीसीवर, साठवावी. पुढे होणाऱ्या कामासाठी मात्र उलट. समजा, ढाक्यातली बैठक ऑक्टोबर २००९ मध्ये सकाळी ११:०० ला होणार हे मे महिन्यात ठरलं आणि तुम्ही '१०:३० भारतीय वेळ' एवढंच लिहून ठेवलं. जूनमध्ये ढाक्याचं घड्याळ सरकलं. ढाक्यातली माणसं त्यांच्या ११:०० ला जमणार, म्हणजे आपल्या ९:३० ला. तुमची नोंद तासभर उशिराची झाली आणि मूळ ११:०० कुठे लिहिलेलंच नाही. भविष्यातली वेळ स्थानिक घड्याळात आणि क्षेत्राच्या नावासकटच ठेवायला हवी.

तिथीवार

इथे पंचांगाचा विचार कुणी केला नाही, आणि परदेशातल्या मराठी घरांत तीच चूक सर्रास होते. तिथी संपण्याचा क्षण जगभर एकच असतो, त्यामुळे त्याची वेळ एका घड्याळातून दुसऱ्यात बदलता येते. मुंबईच्या पंचांगात ६:३० असेल तर काठमांडूत ६:४५, दुबईत ५:००. सूर्योदय असा बदलता येत नाही, तो प्रत्येक गावाचा वेगळा काढावा लागतो. २० मार्चच्या सुमारास मुंबईत सूर्योदय पावणेसातच्या आसपास, काठमांडूत सव्वासहाच्या आत. वरच्या उदाहरणात मुंबईत सूर्य उगवायच्या आधीच तिथी संपली, तर काठमांडूत सूर्योदयाला ती अजून चालू आहे. उदयतिथी धरणाऱ्या व्रताची तारीखच दोन ठिकाणी वेगळी पडेल. मुंबईच्या सूर्योदयात पंधरा मिनिटं मिळवून काठमांडूचा सूर्योदय काढणं पूर्ण चूक आहे.

रात्रपाळी

काश्गरचा मुद्दा योग्य होता, म्हणूनच शहराबरोबर फरकही लिहा असं सुरुवातीला म्हटलं. 'काश्गर १०:०० (+८)' लिहिलं की संदिग्धता उरत नाही. प्रवासाचा कालावधी दिसत नाही ही मालधक्का यांची तक्रारही खरी आहे. त्यासाठी कालावधीचा वेगळा रकाना ठेवावा, घड्याळांच्या वेळांवरून तो वाचणाऱ्याला काढायला लावू नये.

सीमेजवळ काम करणाऱ्यांसाठी एक सूचना. रोमिंग चालू असेल आणि फोनने पलीकडचा मनोरा पकडला, तर फोनचं वेळक्षेत्र आपोआप बदलू शकतं. रक्सौलमध्ये बसून त्या अवस्थेत १०:०० ची आठवण लावली तर ती नेपाळच्या १०:०० ला, म्हणजे आपल्या ९:४५ ला वाजेल. अँड्रॉइडवर 'स्वयंचलित वेळ' चालू ठेवा, 'स्वयंचलित वेळक्षेत्र' तेवढं बंद करून कोलकाता निवडा. दोन्ही बंद केलं तर घड्याळ हळूहळू भरकटतं.

मालधक्का

कालावधीचा रकाना मान्य, लगेच घालता येईल. पण गाडीच्या चालकाच्या हातात जो कागद जातो त्यावर अजूनही एकच घड्याळ हवं यावर मी ठाम आहे. कस्टम्स आणि गोदामाच्या प्रतीवर तुमची पद्धत लावा. आणि ढाक्याला पाठवायच्या प्रतीवर वार लिहायला विसरू नका. तिथे शुक्रवार-शनिवार सुट्टी आणि रविवारी कामाचा दिवस असतो, वेळ अचूक बदलूनही माल दोन दिवस गोदामाबाहेर उभा राहू शकतो.