पावणेदोन वर्षांच्या लेकराचे कापडी डायपर एकाएकी गळायलेत, काय काय बघावं?

लातूरची_माय
नमस्कार तायांनो. मुलगा पावणेदोन वर्षांचा आहे, तो बसायला लागल्यापासून आम्ही कापडी डायपरच वापरतो. पॉकेटवाले आहेत, आतून ते कोरडं राहणारं कापड, बाहेरून पीयूएलचं, म्हणजे पाणी आरपार न जाणाऱ्या कापडाचं कव्हर आणि आत घालायला मायक्रोफायबरचे इन्सर्ट. आतापर्यंत काही त्रास नव्हता पण उन्हाळा लागल्यापासून गळायलेत, कधी कधी तर घालून अर्धा तास होत नाही तोच वरची चड्डी ओली. जास्त करून मांडीच्या बाजूनं गळतं आणि कडेवर घेतलं की माझ्या कंबरेला ओलं लागतंय. काढून बघितलं तर इन्सर्टचा पुढचा भाग चिंब आणि मागचा कोरडा ठक्क, मग बाहेर आलं कसं हेच कळेना. धुणं मशीनला, पावडर नेहमीचीच. नळाचं पाणी आता लई दिवसाआड येतंय म्हणून ते प्यायला ठेवून धुणं सगळं बोअरवर चाललंय. सासूबाई म्हणतात रात्रीपुरतं तरी विकतचं घाल, पण त्यानं त्याच्या जांघेत पुरळ येतं, लेकरू रात्रभर झोपत नाही, म्हणून तिकडं जायची माझी इच्छा नाही. नवीन सेट घ्यावा का? स्वस्त नाहीत ते, म्हणून आधी विचारायलेय.

परभणीची_जाऊबाई
ताई नवीन अजिबात घेऊ नका, थांबा. तुम्ही लिहिलंय त्यातच निम्मं उत्तर आहे. पुढं चिंब आणि मागं कोरडं म्हणजे इन्सर्टमध्ये जागा होती, पण शू तिथपर्यंत पोचायच्या आधीच बाहेर पडली. पूर्ण इन्सर्ट निथळत असतं आणि मग गळालं असतं तर गोष्ट वेगळी, तेव्हा समजायचं की कापड कमी पडतंय. तुमचं तसं दिसत नाही.

आधी डायपर बसतो कसा ते बघा. पोरं चालायला लागली की मांड्या बारीक होतात, अंगातली ती गुबगुबी जाते, आणि आपण मात्र टिचबटणं सहा महिन्यांपूर्वी लावली तीच लावत राहतो. पुढच्या बाजूला उंची कमीजास्त करायची जी बटणांची रांग असते ती आता सगळी उघडून बघा. उंची कमी पडली की डायपर मागून खाली ओढला जातो आणि मांडीपाशी फट पडते. इलास्टिक मांडीवर नको, जांघेच्या घडीत बसलं पाहिजे, चड्डीची रेघ जिथं असते तिथं. बसवल्यावर बोट फिरवून बघा, इन्सर्टचं टोक किंवा आतल्या कापडाची कड बाहेर डोकावत असेल तर तेवढ्यानंसुद्धा ओल वरच्या चड्डीत उतरते, दिव्याची वात तेल ओढते तसं. आणि वर घट्ट लेगिंग घालत असाल तर ती बंद करा, सैल झबलं नाहीतर ढगळ चड्डी.

कडेवरचं म्हणाल तर ते मायक्रोफायबरचं दुखणंच आहे. ते पाणी पटकन पितं पण दाबलं की तितक्याच पटकन सोडतं. कडेवर, गाडीवर, मांडीवर, जिथं दाब तिथं गळणार. शिवाय या वयात लेकरं शू धरून ठेवायला शिकतात, आणि मग एकदम सोडतात, तान्ह्यासारखी थोडी थोडी नाही. तो लोंढा झेलायला मायक्रोफायबर वर आणि खाली सुती किंवा बांबूचं इन्सर्ट असं जोडून घाला. वरचं पटकन घेतं, खालचं हळू घेतं पण धरून ठेवतं. मुलगा आहे म्हणून पुढच्या बाजूला एक घडी जास्त घाला, आणि घालताना त्याची नुन्नी खालच्या बाजूला आहे ना तेवढं बघा, वर राहिली तर पोटाच्या पट्टीतून सरळ बाहेर. मायक्रोफायबर कातडीला थेट लागू द्यायचं नाही हे तुम्हाला माहीत असेलच, ते पॉकेटच्या आतच.

जालन्याचा_बाप
वरच्या ताईंनी बसवण्याचं सगळं बरोबर सांगितलंय, पण मला यात दोष पाण्याचा जास्त दिसतोय. उन्हाळा लागला, धुणं बोअरवर गेलं आणि गळती चालू झाली, हे एकाच वेळी झालंय. आमच्या घरीही मुलीचं सगळं धुणं मीच करतो त्यामुळे हे हातातलं आहे.

आपल्याकडं खाली काळा पाषाण, बेसॉल्ट. त्याच्या भेगांतून पाणी मुरत येताना कॅल्शियम आणि मॅग्नेशियम घेऊन येतं. बादलीला आतून पांढरी खर धरते, गीझरच्या कॉइलला धरते, तीच गोष्ट इन्सर्टच्या धाग्यांवर होते. पावडर नीट काम करत नाही, अर्धी तिथंच अडकून राहते, त्यावर पुढच्या धुण्याचे क्षार बसतात. वडीचा साधा साबण लावत असाल तर आणखी वाईट, कारण जड पाण्यात साबणाचा चिकट साका होतो आणि तो पाण्याला धाग्यात शिरूच देत नाही. मग शू इन्सर्टवरून घसरून कडेनं बाहेर. कापड दिसायला स्वच्छ, हाताला जरा कडक, आणि शू लागली की डोळ्याला झोंबणारा अमोनियाचा वास, असं असेल तर पाण्याचाच दोष धरा.

घरीच तपासता येतं. वाळलेल्या इन्सर्टवर चमच्यानं पाणी सोडा. लगेच मुरलं तर ठीक, थेंब गोल होऊन वर थांबला किंवा पळाला तर थर बसलाय. दुसरं, एक इन्सर्ट नुसत्या गरम पाण्यात, पावडर न घालता, हातानं खळखळा. फेस आला तर तो मागच्या धुण्यांचा आहे. पाणी किती जड आहे ते बघायला बाटलीत थोडं बोअरचं पाणी घ्या, अंघोळीच्या साबणाचा चुरा टाकून हलवा, आणि तसंच आरओच्या पाण्यात करून शेजारी ठेवा. जड पाण्यात फेस धरत नाही, दह्याच्या निवळीसारखं गढूळ होतं. टीडीएस मीटरवर जाऊ नका, ते सगळेच विरघळलेले क्षार मोजतं, एकट्या काठिण्याचा, म्हणजे पाण्याच्या जडपणाचा आकडा त्यातून निघत नाही. आकडाच पाहिजे तर भूजल सर्वेक्षण यंत्रणेच्या जिल्ह्याच्या प्रयोगशाळेत नमुना द्या. पिण्याच्या पाण्याच्या आयएस 10500 मानकात काठिण्य लिटरला 200 मिलिग्रॅमपर्यंत योग्य आणि दुसरं पाणीच नसेल तर 600 पर्यंत मान्य आहे, त्यावरून आपलं कुठं आहे ते कळेल.

थर काढायचा तर फक्त इन्सर्ट घ्या, कव्हर नाही. आधी नेहमीसारखे स्वच्छ धुवा, मग गरम पाण्यात धुण्याचा सोडा आणि थोडी पावडर घालून काही तास भिजवा, मग साध्या पाण्यात फेस जाईपर्यंत खळखळा. शेवटचं पाणी जमेल तसं नळाचं घ्या, एक बादली पुरते, बोअरच्या पाण्यात शेवट केला तर तेच क्षार परत बसतात. रोजच्या धुण्यात पावडर कमी करू नका, हे उलटं वाटेल पण जड पाण्यात पावडर कमी पडली तर मळ निघत नाही. फॅब्रिक कंडिशनर मात्र कायमचं बंद. आणि एक हात जोडून सांगतो, कुणी ब्लीच सांगेल, कुणी व्हिनेगर, कुणी लिंबूसत्त्व. क्लोरीनच्या ब्लीचमध्ये आंबट काहीही मिसळायचं नाही, विषारी वायू निघतो, घरात लेकरू आहे.

अंबाजोगाईची_मावशी
लेकी, सगळे सांगायलेत ते खरं आहे पण जांघेला काय लावतेस ते पण सांग. खोबरेल तेल, पुरळाचं पांढरं क्रीम, व्हॅसलीन, हे कापडाला लागलं की त्यातून पाणी आत जात नाही. लावायचंच असेल तर मधे जुन्या सुती साडीचा एक पदर ठेव, तो रोज वेगळा धुवून टाक. आणि उन्हाळ्यात घरी असताना दुपारी डायपर कामून पाहिजे? फरशीवर खेळतंय तर साधी लंगोट, मऊ धोतराची, शू केली की बदल. आमची सगळी लेकरं तशीच वाढली, जांघ उघडी राहिली की पुरळ आपोआप बसतं. दोन-दोन तास कोरडं राहायला लागलं असेल तर मोरीत बसवायची सवय लाव, झोपून उठल्यावर आणि जेवणानंतर. रागावायचं मात्र नाही.

लातूरची_माय
सगळ्यांचे खूप आभार, एवढं सविस्तर कुणी सांगितलं नव्हतं. चमच्याची टेस्ट आत्ताच केली. दोन इन्सर्टवर थेंब तसाच उभा राहिला, एकावर मुरला पण सावकाश. गरम पाण्यात फेस पण आला, बराच. जांघेला खोबरेल तेल असतं रोज मावशी, ते आता सुती पदर ठेवूनच लावते. बटणांचं पण बघितलं, वरची रांग उघडल्यावर मागून वर येतंय आणि फट गेली. रात्रीचं मात्र सांगा, रात्री दहा ते सहा कसं टिकवायचं? आणि वाळवायचं, आमच्याकडं गच्चीवर पत्रा आहे, दुपारी हात लावू देत नाही इतका तापतो.

नांदेडकर_आई
रात्रीसाठी पॉकेटमधल्या एकट्या मायक्रोफायबरवर विसंबू नका. झोपताना पॉकेटच्या आतच खाली बांबूचे किंवा हेम्पचे (भांगेच्या झाडाच्या धाग्याचे) दोन थर, वर मायक्रोफायबर, डायपर जाडजूड दिसेल पण रात्री कोण बघतंय. नवीन बांबूचं किंवा सुती इन्सर्ट आणलं तर ते पहिल्या दिवशी काहीच पित नाही, पाच-सहा वेळा धुवून वाळवलं की मग त्याची खरी ताकद येते, त्यामुळे आणल्या आणल्या खराब म्हणून ठेवून देऊ नका. अंथरुणात खाली रबरी शीट आणि वर चादर घालून ठेवा, सुरुवातीचे दिवस तेवढं असू द्या. झोपायच्या आधी शू करून घ्या. पाणी मात्र तोडू नका रात्र कोरडी जावी म्हणून, आपल्याकडं चाळीसच्या वर ऊन असतं, लेकराला पाणी लागतंच. उलट शू एकदम कमी आणि गर्द पिवळी झाली तर पाणी वाढवायचं. आणि ताप, शू करताना रडणं, किंवा सारखी तहान आणि सारखी शू असं काही असलं तर डायपरमध्ये कारण शोधत बसू नका, लेकरांच्या डॉक्टरांना दाखवा.

वाळवण्याचं: इन्सर्ट उन्हात खुशाल टाका, पण पत्र्यावर नको, दोरीवर. कव्हर सावलीत. पीयूएल म्हणजे कापडावर चिकटवलेला पातळ थर, उकळत्या पाण्यात, इस्त्रीखाली किंवा तापल्या पत्र्यावर तो सुटतो. उजेडासमोर धरून बघा, आतल्या बाजूला बुडबुडे किंवा पापुद्रा दिसला तर ते कव्हर गेलं, ते मात्र कशानंच सुधारत नाही. पाण्याची टंचाई आहे तर एक करा, नुसती शू असलेल्या डायपरचं पहिलं खळबळलेलं पाणी, ज्यात साबण नाही, ते झाडांना घालता येतं. आम्ही लिंबाला घालतो.

परभणीची_जाऊबाई
ताई थेंब उभा राहिला म्हणजे जालन्याच्या दादांनी सांगितलं तसंच करा आणि थर निघाल्यावर परत चमच्यानं बघा, एका वेळेत नाही निघाला तर पुन्हा एकदा. सगळे एकदम भिजवू नका, निम्मे ठेवा, नाहीतर घालायला काही उरणार नाही. एक राहिलं, मांडीचं इलास्टिक ओढून सोडलं की लगेच परत येतंय का ते पण बघा. सैल झालं असेल आणि पीयूएल चांगलं असेल तर टेलरकडं द्या, कडेची शिवण थोडी उसवून नवीन इलास्टिक ओवता येतं. आमच्याकडच्या शिंपीकाकांनी धाकट्याच्या वेळी सगळ्याच डायपरना बदलून दिलं, तेच आजून जावेच्या पोरीला चालू आहेत. फक्त त्यांना सांगा की मधल्या भागात सुई मारायची नाही, जितकी भोकं तितकी गळती.