पुतळीमाळ वितळवण्याआधी थांबा

नाशिकच्या एका वाचकाने लिहिलंय, की आजीची पुतळीमाळ सराफाला दाखवली तर त्याने पुतळ्यांना फक्त सोन्याचा भाव सांगितला. त्याच्या दृष्टीने ते बरोबरच आहे, पण घाई करू नका.

पुतळी म्हणजे मुळात व्हेनिसचं डुकट नावाचं नाणं. साडेतीन ग्रॅमचं, जवळजवळ शुद्ध सोनं. त्यावर संत मार्कपुढे गुडघे टेकलेला तिथला राज्यप्रमुख असतो. आपल्याकडे लोकांनी त्यात राम-सीता पाहिले! पुढे इथल्या सोनारांनी हुबेहूब नकला पाडल्या, त्यामुळे माळेत खरं डुकट निघेलच असं नाही. अक्षरं अर्थहीन, वेडीवाकडी असतील तर बहुधा नक्कल. आणि माळेत ओवायला नाण्याला कडी डाखलेली (डाग देऊन जोडलेली) असेल तर संग्राहकाच्या लेखी किंमत बरीच उतरते.

गिनी (म्हणजे सॉव्हरिन, ब्रिटिश सोन्याचं नाणं) असेल तर साल बघा. १९१८ साली मुंबईच्या टांकसाळीत सॉव्हरिन पाडले गेले. सालाच्या वर बारीक इंग्रजी 'आय' दिसतो. वजन ७.९८ ग्रॅम, बावीस कॅरेट. शिवरायांचा होन (त्यांचं दुर्मिळ सोन्याचं नाणं) मात्र कोणी सहज दाखवला तर आधी संशयच घ्या.

नाशिकमध्येच आहात तर त्र्यंबक रस्त्यावर अंजनेरीची नाणेशास्त्र संशोधन संस्था गाठा. जाताना पांडवलेणीही करा (रस्ता वेगळा आहे, पण असो): तिथल्या उषवदाताच्या (क्षत्रप राजा नहपानाचा जावई) लेखात ३५ कार्षापणांना (चांदीची नाणी) एक सुवर्ण (सोन्याचं नाणं), असा चक्क विनिमयदर कोरलाय.

आणि हो, नाणी चमकवायला रिठा, पितांबरी काही लावू नका.