कृपादाने आणि एकोपा : मंडळीत काय जमतं, कुठे फिसकटतं? (अनुभव धागा)

धागाकर्ती
सर्वांना सलाम. पेंटेकॉस्ट, म्हणजे पवित्र आत्मा उतरल्याचा सण, जवळ आला की मंडळीत (चर्चमध्ये) कृपादानांवर, म्हणजे आत्म्यानं दिलेल्या देणग्यांवर, उपदेश होतात आणि त्यानंतरच्या कमिटीत भांडणंही होतात. नागपुरात कॅथलिक, सीएनआय (चर्च ऑफ नॉर्थ इंडिया), मेथडिस्ट, पेंटेकॉस्टल, मल्याळी ऑर्थोडॉक्स असे सगळेच आहेत, तेव्हा अनुभवी मंडळींची कमी नाही. एकच विनंती : साक्षी (देवानं आपल्यासाठी काय केलं ते सांगणं) नकोत, त्यांना रविवार आहे. रीत लिहा. किती वेळ, कोण, कशानंतर काय, आणि बिघडतं कुठे.

जुना वाचक
आधी बायबलमधल्या, पौलाच्या पत्रांतल्या दानांच्या याद्यांचं. रोमकरांस १२ मध्ये सात दानं, करिंथकरांस पहिल्या पत्रात १२:८-१० मध्ये नऊ, त्याच अध्यायाच्या २८व्या वचनात निराळी मांडणी. इफिसकरांस ४:११ मध्ये तर दानांऐवजी माणसंच आहेत : प्रेषित, संदेष्टे, सुवार्तिक, पाळक, शिक्षक. एक यादी दुसरीशी पूर्ण जुळत नाही. पौल तक्ता भरायला बसलाच नव्हता, त्यामुळे 'तुमचं दान ओळखा' असे छापील फॉर्म वाटून फार काही हाती लागत नाही. लोक शिक्षण आणि संदेश यांवर खुणा करतात. 'साहाय्य' कोरं राहतं.

२८व्या वचनातला क्रम मात्र बघा. साहाय्य आणि व्यवस्था आधी, भाषा (आत्म्याच्या प्रेरणेनं अनोळखी भाषेत बोलणं) शेवटी. व्यवस्थेसाठीचा मूळ ग्रीक शब्द कुबेर्नेसिस, म्हणजे जहाजाचं सुकाणू धरणं. रजिस्टर लिहिणाऱ्या सेक्रेटरीला हे कोणी सांगत नाही!

संडेस्कूलवाली
वाचककाका, फॉर्मऐवजी तीन महिने द्या. पहिला महिना नवा माणूस जुन्याच्या बाजूला नुसता बसतो. दुसऱ्यात तो करतो, जुना बाजूला. तिसऱ्यात एकटा. शेवटी त्याला स्वतःला विचारायचं नाही, ज्यांच्यासाठी काम केलं त्यांना विचारायचं. शिक्षक असेल तर पुढच्या रविवारी मुलांना मागचा धडा सांगता येतो का ते पाहा. आजाऱ्यांच्या भेटीला जाणारा असेल तर घरच्यांनी 'पुन्हा या' म्हटलं का? दहा मिनिटांच्या भेटीत आठ मिनिटं स्वतःच बोलणाऱ्याला दुसरं काम द्यावं.

आणि 'नाही जमलं' म्हणायची वाट आधीच मोकळी ठेवा. नाहीतर माणूस काम सोडतो तेव्हा सोबत मंडळीही सोडतो.

उपवास-प्रार्थनेवाले
भाषांवर लिहितो, कारण मंडळ्या फुटतात त्या इथेच. करिंथकरांस पहिल्या पत्रातला १४:२७-२८ चा नियम साधा आहे : दोघे, फार तर तिघे, एकामागून एक, आणि अर्थ सांगणारा एक. तो नसेल तर माणसानं मंडळीत गप्प राहून आपल्याशी आणि देवाशी बोलावं. तरी गोंधळ होतो, कारण बहुधा माइक आणि कीबोर्ड. पत्र्याचा हॉल, कीबोर्डचा लांब सूर, आणि प्रार्थना चालवणारा स्वतःच माइकवर भाषा बोलतोय. मग बाकीचे आवाज चढवतात, आणि कोण किती झाले हे मोजणार कोण?

आमची रीत अशी. सुरुवातीलाच अर्थ सांगणारा हजर आहे का ते विचारायचं. नसेल तर त्या दिवशी भाषा मनातल्या मनात. प्रार्थनेच्या वेळी मुख्य माइक बंद, कीबोर्ड थांबलेला. देवाकडून म्हणून कोणी संदेश सांगितला तर २९व्या वचनाप्रमाणे इतरांनी तो पारखायचा : मंडळीतले दोन जबाबदार वडीलजन तारखेसकट वहीत लिहून घेतात आणि आठवड्यानं पुन्हा वाचतात. कोणाचं लग्न, पैसा, ऑपरेशन यांबद्दल 'देव म्हणतो' असं चारचौघांत बोलू द्यायचं नाही.

आरोग्याच्या प्रार्थनेलाही एक कुंपण घाला. गोळी बंद करायला सांगायचा अधिकार प्रार्थना करणाऱ्याला नाही. साध्या टीबीचा कोर्स साधारण सहा महिन्यांचा. दोन महिन्यांत खोकला थांबला की लोक 'बरं झालं' समजून औषध सोडतात, आणि पुढे तीच औषधं जंतूंवर चालेनाशी होण्याचा धोका असतो. साक्ष द्यायचीच तर रिपोर्ट आल्यावर.

सदरकर
एकोप्याचं म्हणाल तर ते आपल्या गावातच घडलंय जी. २९ नोव्हेंबर १९७० ला ऑल सेंट्स कॅथेड्रलमध्ये सहा मंडळ्या मिळून चर्च ऑफ नॉर्थ इंडिया झाली. बोलणी १९२९ पासून, म्हणजे ४१ वर्षं! अमेरिकन परंपरेची मेथडिस्ट मंडळी अगदी शेवटी बाहेर राहिली.

मोठी अवघड गाठ बाप्तिस्म्याची होती. अँग्लिकन तान्ह्या बाळाला देणारे, बॅप्टिस्ट आणि ब्रेदरन समज आल्यावर देणारे. कोणी कोणाला हरवलं नाही, दोन्ही रीती ठेवल्या. आईबाप बाळाचा बाप्तिस्मा निवडू शकतात आणि पुढे दृढीकरण (मोठेपणी स्वतः विश्वास कबूल करायचा विधी), किंवा आधी आशीर्वाद-अर्पण आणि मोठेपणी कबुलीसह बाप्तिस्मा. अडतं ते लहानपणी झालेल्याला पुन्हा घ्यावासा वाटतो तेव्हा. तारीख ठरवण्याआधी पाळकांनी जुनं रजिस्टर काढून घरच्यांसोबत बसावं. पाहुणे बोलावून झाल्यावर ही चर्चा होत नाही, नुसती आरडाओरड होते.

दुभाषी
ऐक्य सप्ताह, म्हणजे सगळ्या पंथांनी मिळून एकोप्यासाठी प्रार्थना करायचा आठवडा, १८ ते २५ जानेवारी. एकत्र उपासना ठरवताना प्रभुभोजन (भाकर-द्राक्षारसाचा विधी) कार्यक्रमात धरू नका. कॅथलिक आणि ऑर्थोडॉक्स बंधुभगिनींना त्यात भाग घेता येत नाही आणि त्यांना बाकावर बसवून ठेवणं बरं दिसत नाही. वचन, प्रार्थना, गीतं पुरेत.

उपदेशाचं भाषांतर असेल तर वीस मिनिटांचे चाळीस होतात, म्हणून वक्त्याला बारा मिनिटंच द्या. मुद्दे दोन दिवस आधी मागा. वचनाचं तोंडी भाषांतर कधी करू नये. ऐकणाऱ्याला ते पाठ असतं आणि एक शब्द हलला की त्याचं लक्ष उडतं. आपल्या भाषेच्या बायबलमधून वाचायचं, पानं उघडून चिठ्ठ्या घालून ठेवायच्या. दुभाष्याचं दान यादीतल्या 'अर्थ सांगण्या'पेक्षा वेगळं, हे मला कबूल आहे. पण खोकला आला की दोघांनाही पाणी लागतं.

प्रभूची प्रार्थना प्रत्येकानं आपल्या भाषेत, एकाच वेळी. माइक बंद ठेवा, नाहीतर माइकवरची भाषा जिंकते.

पेटीवाला
गाण्यांत पट्टी आधी ठरवा. वेगवेगळ्या कॉयर एकत्र आल्या की प्रत्येकीची पट्टी निराळी, आणि बाकांवरचे पुरुष वरच्या सुराला गप्प होतात. काळी एक धरून एकदा गाऊन बघा. सहापेक्षा जास्त गीतं नकोत. नवीन एकच, तेही दोन कडव्यांचं. प्रत्येक मंडळीनं आपलं 'स्पेशल' म्हटलं तर उपासनेचं गॅदरिंग होतं.

खुर्च्या-कूलर विभाग
सगळे मोठमोठं लिहून राहिले, मी कूलरवर येतो. मे महिन्यात पारा ४५ ला टेकतो, उपासना सकाळी सातला घेतली तरी कूलर लागतोच. तो वेदीजवळ ठेवला की माइकमध्ये घरघर. मागे ठेवला की म्हातारी माणसं मागे सरकतात आणि उपदेश ऐकू येत नाही. दोन ठेवा, बाजूच्या खिडक्यांत, समोरच्या भिंतीच्या खिडक्या उघड्या. हवा बाहेर गेली नाही तर नुसतं चिपचिप होतं.

पाणी भरणारा दरवेळी तोच असतो. त्याला सहा आठवड्यांवर बदली द्या, भिंतीवर नावं लावा. पास्टरेट कमिटीतल्यांची (मंडळीचा कारभार पाहणाऱ्यांची) नावं त्यात पहिली. गेल्या वर्षीचा कागद अजून भिंतीवर असेल तर आधी तो काढा.

धागाकर्ती
खुर्च्या-कूलरवाल्या दादा, टाकी किती लिटरची? आमच्याकडे उपदेश संपायच्या आधी पाणी संपतं.

खुर्च्या-कूलर विभाग
टाकी सांगतो ताई, पण आधी उपदेश किती मिनिटांचा ते सांगा.