स्पेनला जाऊन आलात? तुमचे अनुभव हवे आहेत

सप्टेंबरात आई-बाबांना घेऊन माद्रिद, सेव्हिया, ग्रानादा असा बारा दिवसांचा बेत आहे. दोघंही सत्तरीच्या घरात, आई पक्की शाकाहारी. काय बघायचं याच्या याद्या ढिगाने मिळाल्या. मला हवंय ते तुमचं काय अडलं आणि कसं निभावलं. बारीकसारीकही सांगा.

* * *

ताई, नुसतं "सोय वेखेतारियाना" (मी शाकाहारी आहे) म्हणून भागत नाही. कोर्दोबात सासूबाईंसाठी साल्मोरेखो मागवलं. टोमॅटो, पाव आणि ऑलिव्ह तेलाचं थंडगार, दाट सार. वाडगा समोर आला तर वर उकडलेलं अंडं आणि हॅमचे बारीक गुलाबी तुकडे. त्यांनी चमचा तसाच खाली ठेवला. मला इतकं वाईट वाटलं! त्या दिवसापासून मी आधीच म्हणायचे, "सिन कार्ने, सिन पेस्कादो, सिन खामोन, सिन आतून." 'सिन' म्हणजे शिवाय; कार्ने मांस, पेस्कादो मासे, खामोन हॅम. शेवटचा आतून म्हणजे टूना मासा; साध्या मिश्र सॅलडमध्येही बहुतेकदा घालतात. सेव्हियात 'एस्पिनाकास कोन गार्बान्सोस' जरूर मागवा. पालक-काबुली चण्याची भाजी, चक्क जिऱ्याच्या वासाची. सासूबाईंनी पाव लावून ताटली पुसून खाल्ली.

* * *

जेवणाच्या वेळा आमच्या अंगावर आल्या. संध्याकाळी सात वाजता दोन भुकेली मुलं घेऊन दारोदार फिरलो; साडेआठ-नऊशिवाय बऱ्याच ठिकाणी स्वयंपाकघर उघडतच नाही. मग मुख्य जेवण दुपारी दोनला करायला लागलो. सोमवार ते शुक्रवार 'मेनू देल दिया' असतो: दोन पदार्थ, पाव, पेय, शेवटी गोड किंवा कॉफी, सगळं ठरलेल्या किमतीत. रविवारी बरीच दुकानं बंद, तेव्हा फळं-दही शनिवारीच आणून ठेवा.

* * *

ग्रानादातल्या अल्हाम्ब्रा किल्ल्याचं तिकीट नावावर असतं. मूळ पासपोर्ट जवळ हवाच. आमच्या बाबांचा हॉटेलात राहिला आणि मला टॅक्सीने परत पळावं लागलं. त्याच्या आतल्या नासरी राजवाड्यांची वेळ तिकिटावर छापलेली असते, ती चुकली की आत सोडत नाहीत. मुख्य दरवाजापासून तिथवर पंधरा मिनिटं चालणं आहे. गुडघेदुखी असेल तर अर्धा तास हाताशी ठेवा. तिकीट मात्र आजच बघा, लवकर संपतात.

* * *

बार्सिलोनाच्या मेट्रोत माझं पाकीट गेलं. पोलीस ठाण्यात 'देनुन्सिया', म्हणजे तक्रार, लिहून घेतली. विम्याला तोच कागद लागला. पासपोर्ट गेला तर माद्रिदला आपला दूतावास आहे, बार्सिलोनात वाणिज्य दूतावास. तातडीला 112.

* * *

मी व्हॅलेन्सियात राहते. दुकानात शिरताना आधी "ब्वेनोस दियास" (शुभ सकाळ) म्हणा, मग काय हवं ते विचारा. इथे थेट प्रश्न विचारणं उद्धटपणाचं वाटतं. माझी आई स्पॅनिशचं अक्षर न जाणता हिरव्या क्रॉसच्या औषधाच्या दुकानात एकटी गेली, तेवढे दोन शब्द बोलली आणि पाय दाखवला. दुकानदारीणबाईंनी तिला खुर्ची दिली, फोडावर पट्टी स्वतः लावली.