मदत हवी आहे: जिंजर बिअर बाटलीत भरल्यावर काही बाटल्या सपक, काही कारंजं, एक फुटली (इंदूर, मे)

उसळपोहे
नमस्कार मंडळी. आल्याच्या विरजणावर (जिंजर बग, म्हणजे आलं-साखरेच्या पाण्यात वाढवलेलं यीस्ट) घरी जिंजर बिअर चालू आहे, बिनदारूची. 4 लिटरची खेप अशी: 180 ग्रॅम आलं, 400 ग्रॅम साखर, 5 लिंबांचा रस, 250 मिली गाळलेलं विरजण. आलं आणि साखर दीड लिटर पाण्यात 15 मिनिटं उकळून गाळतो, वरून नळाचं गार पाणी ओतून 4 लिटर करतो, कोमट झालं की लिंबू आणि विरजण. पळीने आणि नरसाळ्याने बाटल्या भरतो. दोन दिवस ओट्यावर, मग फ्रिज. स्वयंपाकघर दुपारी 36-37 अंशांवर असतं.

एकाच खेपेतल्या काही बाटल्या सपक, काही उघडताच अर्ध्या रिकाम्या. तारेच्या खटक्याची एक चौकोनी बाटली ओट्यावरच फुटली, सुदैवाने तेव्हा जवळ कोणी नव्हतं. बाकीच्या बाटल्या अटालेवाल्याकडून (भंगारवाल्याकडून) आणलेल्या 650 मिलीच्या बिअरच्या, त्यांना हाताने दाबायच्या कॅपरने क्राउन (दातेरी कडेचं पत्र्याचं) झाकण लावतो.

साखर निम्मी करू का? बाटल्या कोणत्या घेऊ? आणि नर्मदेच्या पाण्यातल्या क्लोरीनने विरजण मंदावतं का?

तोटी
आधी उरलेल्या चौकोनी बाटल्या आजच रिकाम्या करा. फ्रिजमध्ये पूर्ण एक दिवस ठेवून, जाड टॉवेल गुंडाळून, डोळ्यांना चष्मा लावून उघडा. गरम असताना हात लावू नका.

आता साखर. निम्मी करून बाटली वाचणार नाही. 1 ग्रॅम साखर यीस्टने पूर्ण खाल्ली की साधारण अर्धा ग्रॅम गॅस होतो. चांगल्या फसफसत्या पेयात लिटरला 6 ग्रॅम गॅस पुरतो, म्हणजे लिटरमागे 12 ग्रॅम साखर खपली की काम झालं. तुमच्या पेयात लिटरला 100 ग्रॅम आहे. हवा तेवढा गॅस झाल्यावर 88 ग्रॅम शिल्लक, यीस्ट जिवंत, झाकण बंद. निम्मी केलीत तरी 38 शिल्लक. खऱ्या बिअरमध्ये आंबणं आधी पूर्ण संपू देतात आणि मग भरताना मोजून साखर घालतात, म्हणून तिथे दाब ठरलेल्या आकड्यावर थांबतो. तुमच्याकडे त्याला थांबवणारी एकच गोष्ट आहे, थंडी.

तापमानाचा दुसरा तडाखा असा की तोच 6 ग्रॅम गॅस फ्रिजमध्ये 4 अंशांना सुमारे 1 बार दाब देतो आणि 36 अंशांना सुमारे 4 बार. कारच्या टायरमध्ये 2.2 च्या आसपास असतो. इंदूरच्या मे महिन्यात दोन दिवस म्हणजे फार झाले. 36 अंशांना जोमदार विरजण 12 ते 24 तासांत काम उरकतं.

तेव्हा घड्याळावर जाऊ नका. प्रत्येक खेपेत एक बाटली सोड्याच्या किंवा कोल्ड्रिंकच्या प्लॅस्टिक बाटलीत भरा (पाण्याची पातळ बाटली नको) आणि बाकीच्यांशेजारीच ठेवा. दर 5-6 तासांनी अंगठ्याने दाबायची. दुकानातल्या न उघडलेल्या सोड्यासारखी टणक लागली की सगळ्या बाटल्या फ्रिजमध्ये. रात्री झोपण्याआधी ती अर्धवट टणक असेल तर सकाळची वाट पाहू नका, तेव्हाच आत टाका.

शिप्राकाठ
तोटी यांच्याशी सहमत, पण एकाच खेपेत सपक आणि कारंजं दोन्ही का, हे राहिलं.

एक कारण भरण्यात आहे. दाट गरम पाकावर गार पाणी ओतलं की पाक तळाशी बसतो, आणि विरजणातलं यीस्टही हळूहळू खाली जातं. पळीने वरून भरलेल्या पहिल्या बाटल्यांना पातळ, शेवटच्यांना गोड आणि यीस्टने भरलेलं मिळतं. भरण्याआधी लांब दांड्याच्या उकळलेल्या चमच्याने तळापासून मिनिटभर ढवळा आणि दर चार बाटल्यांनी पुन्हा. (तयार बिअर अशी ढवळली तर हवा मिसळून चव जाते. इथे आंबणं सुरूच व्हायचंय, म्हणून चालतं.) पळीऐवजी तोटीची स्टीलची टाकी घ्या, बर्तन बाजारात 5 लिटरची मिळते. तोटी तळापासून 2-3 सेंमी वर असलेली बघा, म्हणजे गाळ खालीच राहतो. तोटीला 8 मिमी आतल्या व्यासाची, खाण्याच्या दर्जाची सिलिकॉन नळी लावून ती बाटलीच्या तळापर्यंत सोडा. फेस कमी होतो. वर 3 सेंमी जागा मोकळी ठेवा.

दुसरं कारण आल्याचा चोथा. तरंगणाऱ्या प्रत्येक कणावर गॅसचे बुडबुडे बनतात आणि उघडताच सगळे एकदम वर येतात. गाळणी पुरत नाही, दुहेरी मलमल लावा.

सपक बाटल्यांत बहुतेक झाकण गळतंय. खटक्याच्या बाटलीचा रबरी वॉशर चपटा झाला असेल तर बदला. क्राउन दाबल्यावर झाकणाचा बाहेरचा व्यास व्हर्नियर कॅलिपरने मोजा, 28.6 ते 28.8 मिमी हवा. जास्त भरला तर कॅपर नीट दाबत नाहीये. फिरवून उघडणाऱ्या झाकणाच्या, आट्यांच्या तोंडाच्या बाटल्यांवर साधं क्राउन नीट बसत नाही, त्या वेगळ्या काढा.

चौकोनी बाटली तेल आणि सरबतासाठी असते. दाब कोपऱ्यांत एकवटतो, आणि काच तिथेच तडकते. गोल, जाड बुडाचीच घ्या, आणि विकणारा ती गॅसच्या पेयासाठी आहे असं सांगत असेल तरच. अटाल्यातल्या 650 मिलीच्या चालतात, पण त्या कारखान्यात अनेकदा फिरून आलेल्या असतात. खांद्यावर आणि बुडाशी पांढरट घासल्याचा पट्टा असेल किंवा तोंडाला नखाएवढाही टवका असेल तर टाकून द्या.

उसळपोहे
खूप उपयोगी. चार गोष्टी अजून. बाटल्या ओव्हनमध्ये तापवून निर्जंतुक केल्या तर? पाण्याचं कोणी बोललं नाही. हायड्रोमीटर (द्रवाची घनता आणि त्यावरून साखर मोजायची तरंगती नळी) घेऊ का? आणि घरात लहान मुलं आहेत, ही खरंच बिनदारूची आहे ना?

तोटी
ओव्हन नको. दर वेळी तापून गार होताना काच कमकुवत होते. आधी ब्रशने साबण लावून धुवा, कारण घाणीवर कुठलंही जंतुनाशक चालत नाही. मग साध्या, बिनवासाच्या ब्लीचचं पाणी, लिटरला 4 मिली, 20 मिनिटं, आणि उकळून गार केलेल्या पाण्याने दोनदा विसळा. ब्लीचमध्ये व्हिनेगर किंवा लिंबू चुकूनही मिसळू नका, विषारी वायू निघतो. सरबतवाले टिकवण्यासाठी वापरतात ते केएमएस (पोटॅशियम मेटाबायसल्फाइट) इथे घेऊ नका, थोडं राहिलं तरी यीस्ट गप्प. प्लॅस्टिकच्या बाटलीत उकळतं पाणी ओतू नका, आकसते.

पाणी: उकळलेल्या दीड लिटरचा प्रश्न नाही. वरून ओतता त्या अडीच लिटरमध्ये आणि विरजणाला रोज घालता त्या पाण्यात क्लोरीन असतं. आदल्या संध्याकाळी उकळून झाकून ठेवा. विरजणाचं आलं सालासकटच किसा, यीस्ट सालीवरच असतं. दोन कप पाण्याला दोन-दोन चमचे आलं-साखर, मग रोज एकेक चमचा. उन्हाळ्यात 3-4 दिवसांत वर फेस धरतो. फेस नसेल तर बाटल्या भरू नका.

हायड्रोमीटर घ्या, पण त्याच्याकडून फार अपेक्षा नको. लिटरला 100 ग्रॅम साखरेला वाचन 1.038 च्या आसपास येतं. तो 20 अंशांसाठी आखलेला असतो, 36 अंशांना सुमारे 0.004 कमी दाखवतो, म्हणून नमुना गार करून, गॅस हलवून काढून टाकून मोजा. बाटलीत चालू असलेलं आंबणं त्याने कळत नाही, ती प्लॅस्टिकची बाटलीच सांगते.

आणि बिनदारूची म्हणता येणार नाही. जितका गॅस, जवळपास तितक्याच वजनाची दारू. 12 ग्रॅम साखर खपली म्हणजे पाऊण टक्क्याच्या आसपास. बाटली विसरून बाहेर राहिली तर अजून वाढते. मुलांसाठी विरजण घालायच्या आधीचा आल्याचा पाक बाजूला काढा आणि थंड सोड्यात मिसळून द्या.

शिप्राकाठ
दाब ठरवूनच हवा असेल तर बिअरवाल्यांचीच युक्ती वापरा. 4 लिटरला फक्त 40 ग्रॅम साखर (थोडी विरजणातून येतेच) आणि गोडवा स्टेव्हियाने (एका झाडाच्या पानांपासूनचा, साखरेऐवजी वापरायचा गोड पदार्थ). स्टेव्हिया यीस्ट खात नाही, म्हणून साखर संपली की गॅस थांबतो. चव थोडी कडवट लागते, लिंबू वाढवलं की झाकली जाते. तरीही प्लॅस्टिकची बाटली सोबत हवीच.

बाटल्या ओट्यावर ठेवू नका, झाकणाच्या प्लॅस्टिक क्रेटमध्ये जमिनीवर ठेवा. मेमध्ये क्रेटवर ओलं गोणपाट टाकलं की कोरड्या हवेत आत चांगलंच गार राहतं. पावसाळ्यात याचा उपयोग नाही.

दहीहंडी
हाच सेटअप माल्ट आणि हॉप्स आणून खऱ्या बिअरला चालेल का?

तोटी
भांडी चालतील, कायदा नाही. परवान्याशिवाय दारू तयार करणं मध्य प्रदेश आबकारी अधिनियम, 1915 खाली गुन्हा आहे. या धाग्यात आल्यावरच राहू.

उसळपोहे
शेवटचं. पुण्याला बहिणीकडे बसने नेता येतील का? फ्रिजमधून काढून थर्माकोलच्या डब्यात?

शिप्राकाठ
नको. रात्रभरात बर्फ वितळतो, यीस्ट जागं होतं, आणि बसच्या डिकीत बाटल्या एकमेकींवर आपटतात. गाळलेलं विरजण 200 मिली घ्या, सोड्याच्या प्लॅस्टिक बाटलीत अर्धीच भरा, झाकण पाव फेरा सैल ठेवून उभी न्या. बाकी सगळं पुण्यात मिळतं.