पाढा चुकला म्हणून फूटपट्टीचा मार, तक्रार करावी का?

सातारची_आई
मुलगा सहावीत आहे, परवा शाळेतून आला तर बोटांच्या पेरांवर लाल वळ, विचारलं तर बोलेना, मग रात्री झोपताना म्हणाला सतराचा पाढा अडला म्हणून सरांनी फूटपट्टी उभी धरून मारलं. आता रोज सकाळी पोटात दुखतं म्हणतो. सासरे म्हणतात आम्हीपण मार खाऊनच शिकलो, तक्रार केलीस तर सर पोरावर डूख धरतील. मलाही तीच भीती वाटते. काय करू?

जुना_विद्यार्थी
ताई, थोडा धाक पाहिजेच हो. आजकाल मास्तरांनी नुसता आवाज चढवला तरी पालक भांडायला येतात, मग साठ पोरांचा वर्ग सांभाळायचा कसा?

झेडपी_शिक्षिका
दादा, वर्ग मोठे आहेत हे अगदी खरं, मी रोज तेच भोगते. पण माराने वर्ग गप्प बसतो, शिकत नाही. ज्याला येत नाही तो विचारायचंच बंद करतो आणि आम्हाला थेट परीक्षेत कळतं. सतरा सक अडलं तर दहा सक साठ, सात सक बेचाळीस, झाले १०२, एवढं फळ्यावर दाखवायला एक मिनिट लागतं, मारायलाही तेवढंच लागतं. २००७ च्या केंद्र सरकारच्या पाहणीत दर तीन शाळकरी मुलांतल्या दोघांनी शाळेत मार खाल्ल्याचं सांगितलं होतं, म्हणजे ताई तुमचा मुलगा एकटा नाही.

वकीलकाका
आरटीई म्हणजे शिक्षण हक्क कायदा, २००९, कलम १७. शारीरिक शिक्षा आणि मानसिक त्रास दोन्हीला बंदी आहे, शिक्षकावर शिस्तभंगाची कारवाई होते. वळांचे फोटो आजच काढा, मुख्याध्यापकांना लेखी अर्ज द्या आणि पोच घेतल्याशिवाय उठू नका. सरकारी किंवा अनुदानित शाळा असेल तर शाळा व्यवस्थापन समितीत ७५ टक्के पालकच असतात, त्यांच्या कानावर घाला. तिथे दाद नाही लागली तर गटशिक्षणाधिकारी, आणि १०९८ या मुलांच्या मदतीच्या हेल्पलाइनवर कधीही फोन करता येतो.

सातारची_आई
फोटो काढलेत. अर्जात मुलाचं नाव घालावंच लागेल का?

वकीलकाका
घाला, नाहीतर चौकशी कशाची करणार? आणि शेवटी एक ओळ लिहा, यापुढे मुलाला वर्गात त्रास झाला तर जबाबदारी शाळेची राहील.